ठकीचा पाय

हरळीच्या शेताच्या चारही कोपऱ्यांवर सकाळी झेंडे रोवलेले दिसले आणि कालिंदीचा विळा हातातच राहिला. धुकं इतकं दाट होतं की झेंड्यांचा रंगही नीट कळत नव्हता. ओली फडकी बांबूंना चिकटून लोंबत होती. ती बांधावरच थबकली. पायाखालचा गार चिखल बोटांच्या बेचक्यांतून वर येत होता, पण तिला पुढे पाऊल टाकवेना. आपल्याच शेतात शिरायची भीती वाटावी, असा दिवस तिच्यावर यापूर्वी आला नव्हता.

आता 'आपलं' म्हणायचं ते तरी कशाच्या जोरावर? त्या हिवाळ्यात राजारहाटच्या बाजूला गावोगाव हेच चाललं होतं. ज्या जमिनीचा मालक कलकत्त्यात बसून खातो, त्या जमिनीत रातोरात झेंडा उभा राहायचा, म्हणजे ती जमीन झेंडेवाल्यांनी घेतली. कोण खरा जमीनदार आणि कोण पोटासाठी राबणारा, हे निवडत बसायला कुणाला सवड नव्हती. कालिंदीचा सासरा फलटणहून एका सरदाराच्या घोड्यांबरोबर मोतद्दार म्हणून इथल्या रेसकोर्सवर आला आणि इथलाच झाला. म्हातारपणी तबेल्याच्या मालकाने त्याला हा उंचवट्यावरचा तुकडा दाखवला आणि सांगितलं, इथे हरळी लाव, माझ्या घोड्यांना घाल आणि सुखाने राहा. कागद नाही, शिक्का नाही, नुसता शब्द. पुढे सासरा गेला, मालक गेला, मालकाची मुलं विलायतेत जाऊन बसली. कालिंदीचा नवरा श्यामराव मात्र बापाला दिलेल्या त्या शब्दावर इतकी वर्षं निवांत झोपत आला होता.

झेंडे पाहून तोसुद्धा उठून बसला. धाकटा भाऊ जयप्रकाश म्हणाला, उपटून फेकून देतो. श्यामरावांनी त्याला हात धरून खाली बसवलं. त्या दिवशी त्यांनी बांधाच्या आतली हरळी नेहमीसारखीच कापली, पेंढ्या बांधल्या, कालव्यावरच्या नावेत भरल्या. कालव्यातून उलटाडांगा, तिथून लॉरीने हेस्टिंग्जचे तबेले, असा त्यांच्या गवताचा रोजचा रस्ता होता. पण कापताना तिघंही झेंड्यांच्या बाजूला पाठ करूनच कापत राहिले, आणि ते एकमेकांना कुणी बोलून दाखवलं नाही.

तिसऱ्या प्रहरी निताई मंडल सायकलवरून आला. झेंडेवाल्यांचा म्होरक्या तोच आणि गावच्या शेतकी मेळ्याचा सेक्रेटरीही तोच. माणूस तसा वाईट नव्हता. अंगावर शाल, डोक्यावर माकडटोपी, बोलणं गोड. फक्त बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता घराकडे, परड्याकडे, जनावराकडे बघत राहायची त्याची सवय होती. अंगणातल्या एकुलत्या एका बाजेवर बसून त्याने चहा घेतला, झेंड्यांबद्दल अवाक्षर काढलं नाही, आणि ठाणावर बांधलेल्या ठकीकडे बोट करून विचारलं की ही खरी रेसची घोडी ना?

खरीच होती. रेसच्या पुस्तकात तिचं नाव कुठल्याशा विलायती राणीचं होतं. ते उच्चारताना जीभ अडखळते म्हणून कालिंदीने पहिल्याच दिवशी तिला ठकी केलं. तांबडा रंग, कपाळावर पांढरा टिळा, आणि स्वभाव लाडावलेल्या माहेरवाशिणीचा. पुढच्या डाव्या पायाची नस धावताना तुटली, तेव्हा तबेल्याने तिला मैदानावरच्या व्हिक्टोरिया गाडीवाल्यांना देऊन टाकायचं ठरवलं होतं. श्यामरावांनी हात जोडून तिला मागून घेतलं आणि हेस्टिंग्जपासून घरापर्यंत चालवत आणलं. ती लंगडत होती आणि हा तिच्याबरोबर.

तेव्हापासून रोज संध्याकाळी त्या पायाला माती. तळ्याच्या तळची काळी चिकणमाती, त्यात शिरका, थोडं मीठ, सगळं बादलीत लोण्यासारखं मळायचं, गुडघ्याखालून खुरापर्यंत जाड थापायचं आणि वरून ओली पट्टी गुंडाळायची. पागेतल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. दिवे लागले की देवापुढे हात जोडावेत, तसं घोड्याच्या पायाला माती लावायची. सासऱ्याने आयुष्यभर लावली, श्यामरावांनी लावली, आणि ठकी घरी आल्यापासून हे काम कालिंदीकडे आलं. तिचा हात मऊ म्हणून ठकी तिच्याच हातून लावून घेई. दिवसभरात पायात जी कढत ऊब साठायची ती माती सकाळपर्यंत ओढून घ्यायची. पाय बरा झाला होता, पण नस ती नसच. एकदा तुटलेली नस जुळते, विसरत नाही, असं सासरा म्हणायचा.

मंडलने सांगितलं ते असं. रेसकोर्सवर जी पैज लागते तिच्यावर सरकार कर घेतं, आणि आता नवा कायदा आला होता की त्या कराचा एक हिस्सा खेड्यांतल्या शेतकी मेळ्यांना द्यायचा. पण घोड्यावर मिळवलेला पैसा घोड्याला लागला पाहिजे, म्हणून त्यात एक मेख मारून ठेवलेली. मेळ्यात घोड्यांचं प्रदर्शन हवं, एक शर्यत हवी, शर्यतीवर पैज नको, आणि सरकारी पशुवैद्याने प्रत्येक घोडा तपासून पास केलेला हवा. नाहीतर अनुदान परत. गेल्या वर्षी एक्क्याची दोन तट्टं पळवली, त्यातलं एक मध्येच बसलं. कलकत्त्याहून आलेला साहेब पोट धरून हसला आणि निम्मे पैसे कापून गेला. यंदा त्या पैशातून गावाला पिण्याच्या पाण्याचा नळकूप व्हायचा होता. बायाबापड्या अजून तळ्याचं पाणी पीत होत्या, दरवर्षी पोरं हगवणीने जात होती. खरा घोडा पळाला तर साहेब खूष.

एवढं झाल्यावर तो पहिल्यांदा श्यामरावांच्या तोंडाकडे बघून बोलला. "श्यामदा, आपका घोड़ी दौड़ेगा तो झंडा हट जाएगा. गाँव का लोग बोलेगा, ये बाहर का आदमी नहीं, मेला का आदमी है."

आणि नाही दौडली तर, हे त्याने सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

"दौड़ेगी," श्यामराव म्हणाले.

दाराआड उभ्या असलेल्या कालिंदीने ते ऐकलं. नवऱ्याला ती पुरती ओळखत होती. त्याच्या तोंडून एकदा शब्द गेला की गेला. बापाचं सगळं आयुष्य शब्दावर उभं होतं, त्यामुळे शब्द ही त्याच्या लेखी जमिनीपेक्षा घट्ट गोष्ट. आणि तिला आणखी एक दिसलं, ते त्याहून वाईट. 'दौड़ेगी' म्हणताना त्याचे डोळे चमकले होते. भीतीने हो म्हटलं असतं तर तिला त्याच्याशी भांडता आलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून जयप्रकाश ठकीला पळवायला लागला. एके काळी रेसकोर्सवर पहाटेची घोडी पळवायचं काम तो करत असे. जॉकी होईल म्हणून घराने आस लावली होती. पण हाडं मोठी निघाली, उपास करूनही वजन हटेना, आणि शेवटी गड्याला गवताच्या नावा भराव्या लागल्या. खोगिरावर बसला की मात्र तो निराळा दिसायचा. कापणी झालेल्या भातखाचरांतून, धसकटं चुकवत, तो तिला आधी दुडक्या आणि मग भरधाव न्यायचा. ठकीलाही चेव चढायचा. कान टवकारून, शेपूट उडवून ती अशी यायची की कापणीच्या बायका कोयते टाकून बघत राहायच्या. कालिंदी तिचे पाय बघायची.

खरारा करताना, पाणी दाखवताना, ती डाव्या पायावर तळवा ठेवून बघे. पहिल्या दिवशी ऊब होती. मग ती वाढली. मग संध्याकाळी पाय इतका कढत लागायला लागला की मातीची पट्टी वरून वाळून जाई. सकाळी पुन्हा थंडगार. "अहो, पाय धरतोय तिचा," ती नवऱ्याला म्हणाली. तो म्हणाला, धावणाऱ्याचा पाय तापणारच, तुझ्या हातची माती आहे तोवर काळजी नाही. तिने पुन्हा काढलं तेव्हा तो चिडला. शेतातून बाहेर काढलं तर ठकीला घेऊन कुठे जाणार आहेस, हावड्याच्या पुलावर? शेत गेलं तर ठकी जाणार, आणि शेत राखायचं तर ठकीला पळवायचं. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते असं.

मंडलच्या बोलण्यातलं एक वाक्य मात्र तिच्या डोक्यात रुतून बसलं होतं. पशुवैद्याने पास केलं पाहिजे. म्हणजे पशुवैद्याने नापास केलं तर? मग श्यामरावांचा शब्द मोडत नाही, मंडलला राग धरायला जागा नाही. घोडी आणून उभी केली होती, कायद्यानेच अडवली, त्याला कोण काय करणार? ज्या कायद्याने ठकीला ओढून बाहेर काढलं तोच तिला घरी आणून सोडील. गवत कापता कापता हा विचार तिला सुचला आणि ती एकटीच हसली. किती दिवसांत हसली नव्हती.

पशुवैद्य होते डॉ. दत्तात्रय करमरकर. पुण्याकडून बदली होऊन आलेले, बालीगंजला राहणारे. त्यांच्या पत्नी सरोजताई दर संक्रांतीला हळदीकुंकू करायच्या आणि कलकत्त्यातल्या यच्चयावत मराठी बायकांना बोलावणं धाडायच्या, त्यात कालिंदीही असे. एरवी ती संकोचाने जात नसे. यंदा ठेवणीतलं लुगडं नेसून, शेतातला हरभरा आणि बोरं टोपलीत घालून ती गेली.

दार उघडणाऱ्या बाईने टोपली बघून तिला मागच्या जिन्याने यायला सांगितलं. चूक समजल्यावर सरोजताई स्वतः धावत आल्या, हाताला धरून दिवाणखान्यात घेऊन गेल्या, पण तोवर सगळ्यांचं बघून झालं होतं. बँकेतल्या आणि रेल्वेतल्या साहेबांच्या बायका सतरंजीवर जरा जास्तच सरकून बसल्या. एकीने पदर नाकाशी नेला. कालिंदीने दोनदा अंग घासून धुतलं होतं, तरी घोड्याचा वास काही जात नाही; तिला तो वास कधी जाणवलाच नव्हता, त्या दिवशी जाणवला. कुणीतरी कौतुकाने विचारलं, तिकडे शेतात राहून मराठी टिकवलंत हो. तिने मान डोलावली, हातावर आलेला तिळगूळ पदराला बांधला आणि डॉक्टर गॅलरीत एकटे दिसताच उठून तिकडे गेली.

डॉक्टरांनी तिला बसायला खुर्ची दिली आणि सगळं ऐकून घेतलं. माणूस सरळ होता. सरळ माणसाकडून जे मिळतं तेच तिला मिळालं.

"हे बघा कालिंदीबाई, तुम्ही सांगता म्हणून मी घोडी काढणार नाही, आणि मंडल सांगतो म्हणून ठेवणारही नाही," ते म्हणाले. "माझ्या हाताला पाय गरम लागला, तर ती धावणार नाही. पण माझ्या हाताला लागला पाहिजे."

मग त्यांनी जाता जाता आणखी एक सांगितलं. हल्ली लोक बर्फ लावून, सुया टोचून, काय काय करून दोष लपवतात आणि मोडका घोडा उभा करतात. तसं कुणी केलेलं आढळलं तर नव्या कायद्याने मालकावर खटला; एकाला त्यांनी स्वतः तुरुंगात पाठवला होता. कालिंदी म्हणाली, आम्ही कशाला लपवू? परतताना बसमध्ये तिला हलकं वाटत होतं. करायचं असं काहीच नव्हतं. मेळ्याच्या आदल्या संध्याकाळी फक्त पायाला माती लावायची नाही.

नवऱ्याला तिने यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, ही फसवणूक झाली, मी शब्द दिलाय. माती लावली नाही तर फसवणूक आणि मोडका पाय पळवला तर शब्द, असलं त्याचं शास्त्र. शिवाय तो घरी असणारच नव्हता. मेळ्याचा मांडव घालायला मंडलने त्याला आदल्या दिवसापासून बोलावलं होतं, आणि तो तिकडेच निजणार होता. सगळं कसं जुळून आलं होतं. इतकं जुळून यावं याचीच तिला मनातून धास्ती वाटत होती.

त्या संध्याकाळी जयप्रकाशने ठकीला अखेरची रपेट दिली. परत आली तेव्हा तिच्या तोंडाला फेस होता आणि डावा पाय ती टेकवत नव्हती, नुसतं खुराचं टोक जमिनीला लावत होती. कालिंदीने तळवा ठेवला. चुलीवरच्या तव्यासारखा पाय. तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची तिची तिलाच शरम वाटली.

जयप्रकाश जेवून मित्रांबरोबर मेळ्याकडे गेला. अंधार पडला. ठकी रोजच्या सवयीने बादलीकडे मान वळवून उभी राहिली. कालिंदी समोर उकिडवी बसून राहिली. थोड्या वेळाने ठकीने पाय उचलून तिच्यापुढे धरला, आपणहून, लहान मूल हात पुढे करतं तसा. हे मात्र तिला सोसवेना. ती उठली, ठकीच्या मानेत तोंड खुपसून म्हणाली, "आजची रात्र सोस गं बाई. उद्यापासून तुला कुणी पळवणार नाही." आणि घरात जाऊन दार लावून घेतलं. ठकी बराच वेळ खूर आपटत होती. कालिंदीने डोक्यावरून वाकळ ओढून घेतली.

तिला जाग आली तेव्हा धुक्यामागे उजाडत होतं. ठाण रिकामं होतं. अगाडी-पिछाडीच्या दोऱ्या नीट गुंडाळून खुंटीला लावलेल्या होत्या. तशा दोऱ्या गुंडाळणारा माणूस घरात एकच. खुंटीखाली बादली होती. बादलीत माती कालवलेली, अजून ओली. शेजारी सोडून ठेवलेली पट्टी.

बांबूच्या दांडीवर त्याचं मांडवातलं घोंगडं वाळत पडलं होतं. रात्री कधीतरी तो परतला होता. गारठ्याने आला असेल, की घोडीच्या ओढीने, कोण जाणे. आला, ठकीचा पाय उघडा बघितला, बायको दमून निजली असं समजला, आणि आयुष्यभर जे करत आला ते त्याने केलं. पहाटे पाय धुऊन, पुसून, घोडी घेऊन गेला. तिला उठवलंसुद्धा नाही; निजू दे म्हणाला असेल.

कालिंदी तशीच अनवाणी निघाली. मेळ्याचं मैदान कालव्यापलीकडे. बांधांवरून पळताना धसकटं पायांत शिरत होती. लाउडस्पीकर मैलभरावरून ऐकू येत होता. बियाण्यांचे मांडव, भोपळ्यांची आरास, पंप दाखवणारा सरकारी माणूस, जिलब्यांची कढई, सगळ्यांतून वाट काढत ती घोड्यांच्या दोरीशी पोहोचली. एक्क्याची तट्टं, एक वरातीची घोडी, आणि शेवटी ठकी, तुकतुकीत, शेपटीला जयप्रकाशने बांधलेली लाल फीत. डॉ. करमरकर वाकून तिच्या डाव्या पायावर हात ठेवून होते.

त्यांनी वर बघितलं. कालिंदीला ओळखलं. त्यांना गॅलरीतलं बोलणं आठवलं असावं, कारण त्यांनी पुन्हा हात ठेवला, यावेळी डोळे मिटून. वरून खाली, खालून वर. दुसऱ्या पायाशी ताडून बघितलं. मग ठकीला थोडं दुडकं चालवायला सांगितलं. रात्रभर मातीत थंडावलेला पाय तिने मोकळा टाकला. ती छान चालली.

"थंड आहे," डॉक्टर म्हणाले. ते कालिंदीलाच सांगत होते. "दोन्ही सारखे आहेत. तुम्हाला काही सांगायचंय का?"

सगळे तिच्याकडे बघायला लागले. मंडल होता. अनुदानाचा साहेब होता, त्याच्या गळ्यात झेंडूचा हार. शिपाई होता, दंडुका काखेत धरून विडी पेटवत. आणि लगाम धरून श्यामराव उभे होते. रात्रीच्या जागरणाने डोळे लाल, पण चेहरा कसा उजळलेला. 'रात्री माती लावली होती' एवढंच तर सांगायचं होतं. त्यांनी ते आपणहून सांगितलं नव्हतं, कारण त्यांना ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं. आज आंघोळ केली, हे कुणी डॉक्टरला सांगतं का? पण आता तिने ते सांगितलं तर ते तसं राहणार नव्हतं. बायकोने चारचौघांत नवऱ्यावर केलेला आरोप होणार होता. दोष लपवला. खटला. शिपाई तर तिथेच होता.

"थोडं थांबून बघा ना, साहेब," ती म्हणाली. "ऊन वर आलं की बघा."

लाउडस्पीकरवर शर्यतीचा पुकारा झाला. साहेबाने घड्याळ बघितलं. मंडलने आधी साहेबाकडे आणि मग कालिंदीकडे अशा नजरेने बघितलं की तिला शेतातले चारही झेंडे दिसले. डॉक्टर क्षणभर घुटमळले. मग त्यांनी ठकीच्या पाठीवर थाप मारली आणि खडूने तिच्या खुरावर फुली केली. फुली म्हणजे पास.

श्यामराव तिच्या जवळून जाताना हळूच म्हणाले, "घाबरतेस काय? घोडामैदान जवळच आहे."

शर्यत म्हणजे बांध सपाट केलेल्या भातखाचरांना दोन फेऱ्या. पैज नको असा कायदा होता, पण माणसं मुठी आवळून एकमेकांच्या कानांत बोलत होती. झेंडी पडली. पहिल्या फेरीतच ठकीने बाकीच्यांना असं मागे टाकलं की लोक हसायला लागले. एक्क्याची तट्टं कुठल्या कुठे राहिली. जयप्रकाश तिच्या मानेवर वाकलेला, त्याची फाटकी बंडी वाऱ्याने फुगलेली. कालिंदीने नवऱ्याकडे बघितलं. तो ओरडत नव्हता. हात छातीशी घट्ट धरून, ओठ हलवत, तो ठकीबरोबर धावत होता, जागच्या जागी, आणि तिने लग्नात बघितला होता तेवढा तरुण दिसत होता. तिला वाटलं, होईलही पार. देवा, एवढी अर्धी फेरी होऊ दे.

तळ्याजवळच्या वळणावर ठकीची लय चुकली. कसला आवाज झाला नाही, निदान इथवर आला नाही. नुसतं एक पाऊल कमी पडलं. मग ती पुढच्या अंगाने खाली गेली आणि जयप्रकाश तिच्या डोक्यावरून चिखलात फेकला गेला. लोकांचा ओरडा एकदम थांबला, लाउडस्पीकरवरचा माणूस मात्र कुणाला तरी धन्यवाद देतच राहिला.

जयप्रकाश खांदा धरून उठला. हाड निसटलं होतं, पण जिवावरचं खांद्यावर गेलं. ठकीही उठली. तीन पायांवर उभी राहिली. चौथा गुडघ्याखाली भलत्याच दिशेला लोंबत होता. कालिंदी पोहोचली तेव्हा ती शांत होती, फक्त अंगाला कंप सुटला होता. तिने कालिंदीला बघितलं आणि तो मोडका पाय उचलून तिच्यापुढे धरायचा प्रयत्न केला. कालिंदी तिथेच मटकन खाली बसली आणि ओक्साबोक्शी रडली.

डॉक्टरांच्या पेटीत सुई होती. ठकीला आडवं केल्यावर श्यामरावांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. तिच्या डोळ्यांवर हात धरून ते तिला तिच्या विलायती नावाने हाक मारत होते, जे नाव त्यांनी घरी कधी घेतलं नव्हतं. सगळं उरकल्यावर डॉक्टर पेटी बंद करून कालिंदीजवळ येऊन उभे राहिले आणि मग गेले.

मंडलने शब्द पाळला. दुपारीच त्याची माणसं कुदळी-फावडी घेऊन आली आणि चारही झेंडे काढून घेऊन गेली. जाण्यापूर्वी त्यांनी हरळीच्या कडेला खड्डा खणून दिला, पैसे घेतले नाहीत. साहेब खूष होऊन गेला, नळकूप मंजूर झाला, असं त्यांतला एक जण सांगत होता. मंडल स्वतः आला, टोपी काढून खड्ड्यापाशी उभा राहिला. वहिनीला म्हणतात तसं बौदी म्हणत तो कालिंदीला म्हणाला, आता हे शेत तुमचं. ते तो मनापासून म्हणाला.

ठकीला खाली उतरवण्याआधी कालिंदीने सवयीने तिच्या डाव्या पायावर तळवा ठेवला. कान गार पडले होते, नाक गार, सगळं अंग गार होत चाललं होतं. पाय अजून कढत होता. रात्रभर मातीने ओढून घेतलेली, डॉक्टरांच्या हाताला न लागलेली सगळी ऊब तिथे परत आली होती. तिने पटकन हात काढून घेतला, दुसऱ्या कुणी तिथे हात ठेवू नये म्हणून पायावर गवत ओढलं, आणि माणसांना माती लोटायला सांगितलं.

संध्याकाळी धुकं पुन्हा उतरलं. जयप्रकाश खांदा बांधून आत पडला होता. श्यामराव रिकाम्या ठाणाशी बसले होते. बराच वेळ त्यांना काहीतरी विचारायचं होतं, ते तिला कळत होतं, आणि काय विचारायचं तेही.

"रात्री मी आलो तर तिच्या पायाला माती नव्हती," ते शेवटी म्हणाले. "तू विसरलीस वाटतं. मी लावली. बरं झालं म्हटलं आलो ते."

कालिंदीने खुंटीवरच्या दोऱ्या सारख्या केल्या.

"सकाळी पाय थंड होता ना? तुझ्यासमोर डॉक्टर म्हणाले ना?"

ते तिच्याकडे अशा आशेने बघत होते की तिला दुसरं उत्तरच देता आलं नाही. आणि पुढे कधी देताही येणार नव्हतं, हे तिला त्याच वेळी समजलं.

"थंडगार होता," ती म्हणाली. "मीसुद्धा बघितला."

"मग आपल्या हातून काही चुकलं नाही," श्यामराव म्हणाले, आणि इतक्या वेळाने त्यांना रडू फुटलं.

ती उठून बादलीपाशी गेली. माती कडेकडेने वाळली होती, मध्ये त्यांच्या पाची बोटांचे ठसे उठलेले होते, खोल, नीट, मळता मळता उठतात तसे. तिने तांब्याभर पाणी ओतलं, हात आत घातला, आणि ते ठसे पुरते जाईपर्यंत माती कालवत बसली.